शब्दाची जात वाक्यात ठरते

'मागे या शब्दाची जात ओळखा.' असा प्रश्न मुलांपुढे पुष्कळदा सुटाच येतो, शेजारी वाक्य नसते. पाठ केलेल्या यादीतून उत्तर निघते: क्रियाविशेषण अव्यय. 'मुलगा मागे राहिला' या वाक्यापुरते ते बरोबर आहे. पण 'घरामागे विहीर आहे' म्हटले की तोच शब्द 'घर'च्या सामान्यरूपाला चिकटतो आणि शब्दयोगी अव्यय होतो. सुट्या प्रश्नाला एकच एक उत्तर नव्हतेच. चूक प्रश्नाची होती.

वाक्याशिवाय जात सांगता येत नाही, हे मान्य करूनच शब्दांच्या जाती शिकवायला हव्यात, असे मला ठामपणे वाटते.

आधी एक घोटाळा दूर करावा लागतो. सीतास्वयंवरातला 'पण' हे नाम आहे. तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला. 'येईन, पण उशिरा' यातला 'पण' मात्र 'पुनः' पासून प्राकृतातून घडत आला. हे दोन निराळे शब्द आहेत, त्यांचा उच्चार तेवढा एक झाला. 'म्हणून'चे तसे नाही. 'एवढे म्हणून ती उठली' यात ते 'म्हण' या धातूचे रूप आहे. 'पाऊस आला म्हणून थांबलो' यात कोणी काही म्हणत नाही. तिथे ते दोन वाक्ये जोडणारे उभयान्वयी अव्यय आहे. इथे मूळ एकच, कामे दोन. 'पण'चा उलगडा कोशात होतो, 'म्हणून'चा वाक्यात.

वाक्यात पाहायचे तरी काय? एक, शब्द काय काम करतो. दुसरे, त्याचे रूप कसे बदलते. 'गरीब माणसाला मदत करा' यात 'गरीब' विशेषण आहे. विभक्तीचा प्रत्यय नामाने घेतला आणि विशेषण जसेच्या तसे राहिले. 'गरिबाला मदत करा' म्हणताना नाम गळते, त्याची जागा 'गरीब' घेतो आणि प्रत्ययही स्वतःच घेतो. मग दीर्घ 'री' ऱ्हस्व होते. जात बदलल्याची खूण शुद्धलेखनातही उमटते. यादी पाठ करणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच खूण सुटते.

प्रत्येक वेळी काम आणि रूप यांचा मेळ बसतोच असे नाही. 'ती चांगली गाते' या वाक्यात 'चांगली' कशाबद्दल सांगते? गाण्याच्या क्रियेबद्दल, म्हणजे ते क्रियाविशेषण. पण 'तो चांगला गातो' म्हणताच शब्द कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो, आणि अव्ययाने बदलू नये अशी तर त्याची व्याख्याच आहे. 'बस की जरा!' मधला 'की' असाच अडवतो. 'चहा की कॉफी' मध्ये तो दोन शब्द जोडतो. इथे तो काहीच जोडत नाही, नुसता आग्रह करतो.

असा शब्द अडला की दोष भाषेला देऊ नये. खाने माणसांनी आखलेले आहेत. संस्कृतासाठी यास्कांनी पदांचे चार वर्ग केले: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात. पाणिनींनी सुबन्त (विभक्तीचे प्रत्यय लागलेली पदे) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय लागलेली पदे) या दोनांतच काम भागवले. शाळेतल्या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने मराठीत आल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 मध्ये निघाले आणि मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 मध्ये. 'ती चांगली गाते' असे म्हणणारे त्याच्या कितीतरी आधीपासून होते. आठ खाने उपयोगाचे आहेत, ते मोडावेत असे मी म्हणत नाही. पण ते भाषेकडे पाहण्याचे साधन आहेत, भाषेवरचा हुकूम नव्हेत.

म्हणून परीक्षेत शब्दाबरोबर वाक्य द्यावे, उत्तराबरोबर कारण मागावे आणि गुण कारणालाही द्यावेत. उद्या एखादी मुलगी 'चांगली'पुढे 'विशेषण' लिहील आणि खाली कारण देईल, 'कारण मुलगा असता तर चांगला झाले असते.' तिचे उत्तर छापील उत्तराशी जुळणार नाही. पण तिने आपली भाषा कान देऊन ऐकलेली असेल, आणि व्याकरण शिकवायचे ते त्यासाठीच.