खुंटीवरचा शब्द

नाशिककडच्या एका गावात एक निवृत्त मास्तर राहत. गावातली मुलं त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला येत. त्यांतला एक मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी अवघड शब्द पाठ करी. रात्री पाठ केलेलं सकाळी विसरून जाई.

एक दिवस तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, डोक्यात काही राहतच नाही."

मास्तर म्हणाले, "नुसतं घोकू नकोस. शब्द अडकवायला खुंटी शोध. 'लोक्वेशस' म्हणजे बडबड्या. त्याच्या बडबडीला लोक वैतागले. लोक आठवले की शब्द आठवेल. दुसऱ्या दिवशी वही झाकून आठवून बघ, आठवड्यानं पुन्हा बघ. आणि तो शब्द वर्तमानपत्रात कुठे, कसा आलाय तेही शोध."

मुलाला खुंट्या फार आवडल्या. 'पॉसिटी' म्हणजे टंचाई. सिटीत पाव मिळेना. 'मिटिगेट'चा अर्थ त्यानं कोशात घाईघाईनं पाहिला आणि 'मिटवणे'शी जुळवून टाकला. उजळणी तो नेमानं करी. वर्तमानपत्र उघडायचा मात्र त्याला कंटाळा. वही भरली. गावात त्याचं नाव झालं.

द्राक्षांचा हंगाम आला. एक बागायतदार त्याच्याकडे आला.

"पोरा, परदेशातल्या व्यापाऱ्याला मेल लिहून दे. बागेवर डाऊनी रोग आला होता, तो आता पूर्ण गेलाय. माल तयार आहे, म्हणावं."

"आत्ता देतो, काका."

मुलाला आधी एक साधा शब्द सुचला, पण तो त्याला हलका वाटला. रोग 'मिटिगेट' झाला आहे, असं त्यानं ऐटीत लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. रोग नुसता कमी झाला असेल, तर माल आत्ता नको. आमचा माणूस येऊन आधी बाग पाहील.

माणूस यायला आठ दिवस लागणार होते. तेवढ्यात अवकाळी पाऊस झाला आणि मण्यांना तडे गेले. परदेशी जायचा माल तालुक्याच्या बाजारात मिळेल त्या भावानं विकावा लागला.

मुलगा वही घेऊन मास्तरांकडे गेला. "सर, खुंटीनंच फसवलं."

मास्तरांनी कोश उघडून पुढे ठेवला. मुलानं या वेळी नीट वाचलं: तीव्रता कमी करणे. मग मास्तरांनी जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. मुलगा संध्याकाळपर्यंत तो शब्द शोधत बसला. एका बातमीत झाडांमुळे उन्हाची झळ कमी झाली होती. दुसरीत बांधामुळे पुराची हानी कमी झाली होती. ऊन होतंच. पूरही आलाच होता.

त्यानं वहीतली ओळ खोडली आणि नवी लिहिली: 'मिटता मिटलं नाही, नुसतं कमी झालं.' खाली बातमीतलं वाक्य उतरवलं. मग बागायतदाराच्या घरी जाऊन त्यानं आपली चूक सांगितली. परत येऊन वहीचं पहिलं पान काढलं आणि प्रत्येक शब्दाखाली एकेक वाक्य शोधून लिहायला सुरुवात केली.

तात्पर्य: युक्तीनं शब्द लक्षात राहतो, तो कळायला मात्र त्याचा वापर पाहावा लागतो.