पायाला जमीन कळेनाशी होते तेव्हा

जाखडीत शाहीर आणि ढोलकीवाला मधोमध बसतात, बाकीचे पायात चाळ बांधून त्यांच्याभोवती फेर धरतात. गणपतीत रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांतून हे नाच रात्र रात्र चालतात. नाचणाऱ्याची नजर खाली नसते. पाऊल कुठे पडतंय हे पाऊलच सांगतं. एखादा मुरलेला गडी पायांकडे बघत नाचू लागला की बघणारे म्हणतात, ‘वय झालं.’ या दोन शब्दांवर आपण फार माणसं वाऱ्यावर सोडली आहेत, असं मला वाटतं.

पाऊल कुठे आहे ही खबर मेंदूकडे नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने वर जातात. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की त्यांच्यावरचं वेष्टन खराब होऊ लागतं. आधी दोन्ही तळपायांना मुंग्या येतात, मग कापसावर चालल्यासारखं वाटतं. उजेडात डोळे सांभाळून घेतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मात्र तोल जातो आणि हात आपसूक भिंतीला लागतो. काहींची जीभ गुळगुळीत, लालसर होते, सारातलं तिखटही सोसत नाही. हे सगळं डॉक्टरच्या आधी दिसतं ते घरात वाढणाऱ्या बाईला, नाहीतर फेरात शेजारी नाचणाऱ्याला.

त्यातून कोकणात एक ठाम समजूत: आम्ही मासेखाऊ, आम्हाला कसली कमतरता? बांगड्यात बी-१२ भरपूर असतं, हे खरं. पण जठराच्या अस्तरातून स्रवणारं एक प्रथिन सोबतीला नसेल तर ते अंगी लागत नाही. उतारवयात शोषण मंदावतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेली मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरची रोजची गोळीही त्यात भर घालते. शिवाय आपल्याकडे नाचणारे-गाणारे कितीतरी जण माळकरी, म्हणजे मासे-मटण सोडलेले. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे गळ्यात पडलेली माळ आणि पुष्कळ काळाने आलेल्या मुंग्या यांचा संबंध जोडायचं कुणाला सुचत नाही. माळ काढायला सांगण्याचं काही कारण नाही. गोळी आहे, इंजेक्शन आहे.

बी-१२ ची रचना उलगडली रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी. चोविसाव्या वर्षी त्यांना संधिवात जडला, पुढे बोटं वाकडी झाली; क्ष-किरण यंत्राचं बटण दाबता यावं म्हणून त्यांनी त्याला लांब दांडा बसवून घेतला. त्याच हातांनी 1948 पासून आठेक वर्षं त्यांनी बी-१२ च्या लाल स्फटिकांचा पिच्छा पुरवला. 1964 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दुखण्याने माणूस आपोआप शहाणा होतो असं मी म्हणणार नाही. पण जो कलावंत स्वतःचं जुनं दुखणं घेऊन रंगमंचावर उभा राहतो, त्याला दुसऱ्याच्या सबबी चटकन ओळखू येतात. ‘चप्पल घसरली’, ‘झोप झाली नाही’ असं त्यानेही कधीतरी सांगितलेलं असतं.

एक धोका मात्र मोठा आहे. 1928 नंतर ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स मुंबईत गिरणीकामगार बायकांच्या गरोदरपणातल्या रक्तक्षयावर काम करत होत्या. यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या झाल्या; त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक ॲसिड ठरला. मोठा शोध! पण कमतरता बी-१२ ची असताना नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि नसांची हानी आतून चालूच राहते. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणजे सुटलो, असं म्हणूच नये.

मुंग्या काही फक्त बी-१२ च्याच नसतात. मधुमेहाने येतात, मणक्यानेही येतात. म्हणून ओळखणाऱ्याने निदान करू नये, माणसाला धरून तपासणीला न्यावं. उपचाराने रक्त काही आठवड्यांत सावरतं, नसांना महिने लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर थोडी हानी कायमची राहते. गणपतीआधी तालमी सुरू होतात तेव्हाच मंडळांनी साठीपुढच्यांची, माळकऱ्यांची आणि मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांची बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि तो खर्च नव्या पोशाखांच्या आधी धरावा.