दोन अक्षरांचा हट्ट

डोकं ठणकत होतं, म्हणून दहाएक वर्षांच्या एका मुलाने दोन झाडांमध्ये बांधलेला झोक्याचा दोर जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला. त्यावर पांघरुणाची घडी टाकली, मान टेकवली आणि आडवा झाला. डोळा लागला. उठला तेव्हा दुखणं गेलेलं होतं. ऑस्टिओपॅथी ही उपचारपद्धती सुरू करणाऱ्या अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ही आठवण पुढे आत्मचरित्रात लिहिली. संस्थापकांच्या लहानपणच्या अशा गोष्टी मी जरा जपूनच वाचतो. मोठेपणी जे सापडलं त्याची मुळं लहानपणात शोधायची खोड सगळ्यांनाच असते. पण या माणसाचं वेड नेमकं कशाचं होतं, ते या गोष्टीतून कळतं. औषध न घेता, शरीर जरासं हलवून दुखणं जातं का?

स्टिल १८२८ साली व्हर्जिनियात जन्मले. वडील धर्मोपदेशक आणि वैद्यही. त्यांच्याच हाताखाली मुलगा डॉक्टरकी शिकला. त्या काळात त्यात वावगं काही नव्हतं. १८६४च्या सुरुवातीला मेनिंजायटिसच्या साथीत त्यांच्या घरातली तीन मुलं गेली. घरात बाप डॉक्टर, गावात आणखी डॉक्टर, आणि कुणाचंच काही चाललं नाही. तेव्हाच्या औषधांकडे बघितलं तर स्टिल यांचा संताप समजतो. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्षार, रोग्याची लाळ गळेपर्यंत द्यायचा. जोडीला अफू, दारू, रक्त काढणं. रोगातून वाचलेला रोगी उपचारातून वाचेलच याची खात्री नसायची.

दहा वर्षांनी, १८७४मध्ये, त्यांनी आपला वेगळा विचार जाहीर केला. शरीराची, विशेषतः मणक्याची, रचना जागच्या जागी असेल, रक्त नीट वाहत असेल, तर शरीर स्वतःच बरं होतं; वैद्याने हाताने अडथळा शोधून दूर करावा. कॅन्ससमधल्या ज्या बेकर विद्यापीठाच्या उभारणीला स्टिल कुटुंबाचा हातभार लागला होता, तिथेच त्यांना बोलू दिलं नाही. ते मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला आले. आपल्याकडे हाडवैद्याच्या दारात बैलगाड्या लागायच्या, तशी तिथे आगगाडीतून माणसं उतरू लागली. १८९२मध्ये दोन खोल्यांच्या लाकडी घरात शाळा निघाली. पहिल्या वर्गात जेमतेम वीस-एकवीस विद्यार्थी, आणि त्यांत स्त्रियाही. आनंदीबाई जोशींना डॉक्टर व्हायला फिलाडेल्फियाचं खास स्त्रियांचं कॉलेज गाठावं लागलं होतं. त्यांना पदवी मिळून तेव्हा सहाच वर्षं झाली होती. शाळेच्या सनदेत एमडी पदवी देण्याची मुभा होती. स्टिलनी ती नाकारली आणि ऑस्टिओपॅथीची 'डीओ' ही नवी अक्षरं दिली.

याच शाळेचं आज ए. टी. स्टिल विद्यापीठ झालं आहे. मला तिच्या इतिहासात रस आहे तो एका अवघड प्रश्नासाठी: संस्थापकाचं म्हणणं बऱ्याच अंशी चूक ठरल्यावर संस्थेने काय करायचं?

जंतुशास्त्र पुढे गेलं, लसी आल्या, नंतर प्रतिजैविकं आली. सगळ्या रोगांची किल्ली मणक्यात शोधणं टिकणारं नव्हतं. १९१०च्या फ्लेक्सनर अहवालाने अमेरिकेतल्या वैद्यकीय शाळांची झाडाझडती घेतली, तेव्हा ऑस्टिओपॅथीच्या शाळाही सोलून निघाल्या. अपमान गिळून या शाळांनी पुढच्या काही दशकांत प्रयोगशाळा उभ्या केल्या, दवाखाने वाढवले, आणि १९१७मध्ये स्टिल गेल्यानंतर त्यांना नको असलेलं औषधशास्त्रही रीतसर शिकवायला घेतलं. गुरूची पहिली आज्ञा मोडली म्हणूनच शाळा वाचली, असं माझं मत आहे.

आपल्याकडे होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा वर्षभराचा सीसीएमपी अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधं द्यावीत का, यावर वाद पेटलेला आहे. दोन्ही बाजूंना या कहाणीत आपापला पुरावा दिसेल. पण डीओंनी आडवाट धरली नाही. शरीररचनेपासून शस्त्रक्रियेपर्यंत एमडीला जे शिकावं लागतं ते सगळं, तेवढीच वर्षं, आणि त्याच्यावर हाताच्या उपचारांचे शे-दोनशे तास. इतकं करूनही मान्यता रडतखडत आली. अमेरिकी सैन्याची दारं १९६६ला उघडली, मिसिसिपीने पूर्ण परवाना १९७३ला दिला. युरोपात किंवा इतरत्र ज्याला ऑस्टिओपॅथ म्हणतात तो डॉक्टर असेलच असं नाही; अमेरिकेतला डीओ मात्र पूर्ण डॉक्टर आहे. हा फरक आपल्याकडच्या पाट्या वाचताना ध्यानात ठेवलेला बरा.

मधे कॅलिफोर्नियाची गंमत झाली. १९६२मध्ये तिथल्या डीओंना ६५ डॉलर भरून एमडी होता आलं, आणि दोन हजारांहून अधिक जणांनी पैसे भरले. जन्मभराचा विचार ६५ डॉलरला. मी त्यांना हसत नाही; रुग्णालयाच्या दारात रोज अडवलं गेलं की माणूस थकतो. पण कर्क्सव्हिलने पाटी बदलली नाही, आणि विज्ञानापेक्षा वेगळ्या कारणासाठी ते मला बरोबर वाटतं. शाळा लहान गावात जन्मली आणि लहान गावांना डॉक्टर पुरवत राहिली. ॲरिझोनातल्या मेसामध्ये २००७ला तिने दुसरं वैद्यकीय महाविद्यालय काढलं, तेव्हा विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षानंतर थेट गरीब वस्त्यांतल्या आरोग्यकेंद्रांवर शिकायला पाठवलं. मोठ्या रुग्णालयांत घडलेला डॉक्टर मोठ्या रुग्णालयांतच रमतो, हे आपल्या ग्रामीण आरोग्यकेंद्रांतल्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून आपल्यालाही कळायला हवं होतं.

उरला हाताचा प्रश्न. कंबरदुखीत या उपचारांचा काही उपयोग होतो, इतपत पुरावा आहे. कवटीची हाडं हलवून रोग बरे करण्याच्या दाव्याला तो जवळपास नाही. बहुतेक डीओ प्रत्यक्ष व्यवसायात हे उपचार क्वचितच करतात. तरीही या शाळांत एक जुना सराव चालत आला आहे. कागदाखाली एक केस ठेवायचा, डोळे मिटायचे आणि बोटाने तो शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद. मग आणखी एक.