लष्कराच्या भाकऱ्या

आमचे वडील आयुष्यभर लष्कराच्या भाकऱ्या भाजत आले, असं आमच्या गावात सगळे म्हणत. म्हणणाऱ्याच्या आवाजात कौतुक किती आणि कीव किती, हे ज्यानं त्यानं ओळखावं. वडिलांचं लष्कर म्हणजे गावचं मोफत वाचनालय. ते आमच्या ओसरीवर भरत असे. आईच्या पाटल्या जाऊन तिथं दोन सागवानी कपाटं आली होती. वार्षिक समारंभात पाहुणे त्या कपाटांकडे हात करून ‘त्यागाचं प्रतीक’ वगैरे बोलत आणि आम्ही टाळ्या वाजवत असू. आई आत चहा गाळत असे.

आता या म्हणीत एक गोम आहे. ‘घरचं खाऊन’ लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात, इथवर ती सांगते. पण पीठ कुणाच्या डब्यातलं, धुरात बसून थापायचं कुणी, आणि त्या दिवशी घरातली पोरं काय जेवली, याबद्दल म्हण अवाक्षर काढत नाही. ज्यानं ही म्हण केली तो बहुधा ओसरीवर बसणारा असावा.

हा प्रश्न माझ्या डोक्यात घुसवला तो त्याच कपाटातल्या एका बाईनं. पर्ल बक. नोबेल मिळालेल्या लेखिकेची म्हणून मोठ्या आदरानं मी तिची पुस्तकं काढली. १९३८ सालच्या त्या बक्षिसाच्या मानपत्रात चिनी शेतकऱ्यांच्या चित्रणाबरोबर तिनं लिहिलेल्या चरित्रांचाही खास उल्लेख आहे. ही चरित्रं दोन, दोन्ही १९३६ सालची. एक आईचं, एक वडिलांचं. एकाच संसाराची दोन चरित्रं लिहावी लागली, यातच सगळं आलं.

वडील ॲब्सलम सिडनस्ट्रिकर, अमेरिकन मिशनरी. १८८० साली कॅरी नावाच्या हसऱ्या, गाणाऱ्या मुलीशी त्यांनी लग्न केलं आणि त्याच वर्षी दोघं चीनला निघाली. निघताना नवरदेवांनी आगगाडीचं तिकीट एकच काढलं होतं, असा किस्सा सांगतात. दुष्टपणानं नव्हे. बायको आहे हे लक्षातच राहिलं नव्हतं! तुम्ही हसाल. मीही हसलो. मग आठवलं, गावाबाहेरच्या एका ग्रंथालय संमेलनाला वडील आम्हां चौघांना घेऊन गेले होते आणि परत येताना पुस्तकांचे तीन गठ्ठे घेऊन एकटेच आले होते.

त्या घराचं रोजचं आयुष्य पर्लनं असं लिहिलं आहे की वाचताना घर परकं वाटत नाही. वडील महिनोन्‌महिने फिरतीवर. नावेतून, खेचरावरून, पायी. चिनी लोकांत मिसळायचं म्हणून त्यांनी एके काळी चिनी पोशाख केला आणि केसांची वेणीही राखली. आई घरी. तिनं जिथं बिऱ्हाड थाटलं तिथं आधी बाग केली, आपल्या मायदेशातली फुलं लावली. सकाळी मुलांचा अभ्यास आईपुढे, दुपारी चिनी गुरुजींकडे कन्फ्यूशियसचे ग्रंथ. वांग आम्मा नावाची म्हातारी दाई मुलांना गोष्टी सांगे. पर्ल इंग्रजीइतकीच, किंबहुना जास्तच, चिनीत वाढली. शेजारच्या बायका कॅरीपाशी आपली दुखणी-गाऱ्हाणी घेऊन येत. ती औषध देई, नाहीतर नुसतं ऐकून घेई.

आणि या घराला मुलं सात झाली. त्यांतली चार लहानपणीच गेली. परक्या देशातले ताप, पटकीच्या साथी. त्या ओळी मी दोनदा वाचल्या आणि पुस्तक मिटून थोडा वेळ कपाटाकडे बघत बसलो.

ॲब्सलमसाहेबांचं जन्मभराचं काम म्हणजे बायबलच्या नव्या कराराचं चिनी बोलभाषेत भाषांतर. मूळ ग्रीकवरून. काम खरोखर विद्वत्तेचं, पण छपाईला पैसा लागे आणि तो घरखर्चातून निघे. एक आवृत्ती झाली की सुधारलेली दुसरी. मुलांच्या गरजांना कात्री लागायची ती यामुळे. पर्ल हे सांगते तेव्हा चिडत नाही, मिस्कील होते. मला ते जास्त झोंबलं. बरं, या माणसाला ढोंगी म्हणावं तर तीही सोय नाही. तो स्वतःही काही खात-पीत, मौज करत नव्हता. ढोंगी माणसाशी भांडता येतं हो! प्रामाणिक माणूस घरात असला की भांडण सुरू करण्याआधीच आपण हरलेलो असतो.

कॅरी मात्र एकदा भांडली. सतत बिऱ्हाड हलवून आणि आजारपणं काढून थकल्यावर तिनं नवऱ्याला बजावलं, की तुम्ही पेकिंगपासून कँटनपर्यंत खुशाल धर्म सांगत फिरा, मी आणि ही मुलं आता तुमच्यामागून येणार नाही. मला वाटतं, त्या घरात देवाच्या कामाला घातलेली ती पहिली हद्द असावी.

तिचा आणखी एक प्रसंग. पाऊस नव्हता, दुष्काळ पडत चालला होता आणि गोऱ्या परक्यांमुळे देव कोपले अशी आवई उठली. नवरा नेहमीप्रमाणे गावाला. रात्री काही लोक मारायला येणार, अशी कुणकुण लागली. कॅरीनं काय करावं? घर झाडून स्वच्छ केलं, चहा केला, केक मांडले, झोपलेल्या मुलांना उठवून कपडे घातले आणि दार सताड उघडं ठेवलं. हत्यारं घेऊन आलेली माणसं बघतात तो बाई म्हणते, या, चहा घ्या. बिचारे गोंधळले, चहा प्याले आणि निघून गेले. त्याच रात्री पाऊसही आला. नवऱ्यानं किती जणांना उपदेश केला याचा हिशेब मिशनच्या दप्तरात असेल. या चहाची नोंद मुलीनं केली म्हणून आपल्याला कळली.

आपल्याकडे तरी काय वेगळं? ज्या सुमारास पर्ल हे लिहीत होती, त्याच सुमारास, १९३४ पासून, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होत होती. रेव्हरंड टिळक थोर कवी, थोर मनाचे, आणि किराण्याचे पैसे किराण्यापर्यंत पोचतील याची खात्री नाही! लक्ष्मीबाई हसत सांगतात, आपण हसत वाचतो. माझ्या आईनं तेवढं एक पुस्तक दोनदा वाचलं होतं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी विचारलं, ‘तुला कधी राग नाही आला गं अण्णांचा?’ ती म्हणाली, ‘राग यायला सवड कुठं होती? पावसाळा आला की त्या कपाटांना वाळवी लागायची. मलाच पुसायला लागायचं ना.’

मी आपला अनेक वर्षं एवढ्यावर समाधानी होतो. जुनी गोष्ट, दोघंही गेली, वाचनालय आता पंचायतीच्या इमारतीत आहे, कपाटांसकट. त्याग लांबून फार सुंदर दिसतो आणि मी लांब होतो.

पण गेल्या महिन्यात आमची मुलगी आली. डॉक्टर आहे. जावईही डॉक्टर. दोघांनी पुण्यातलं सोडून गडचिरोलीकडच्या एका दवाखान्यात जायचं ठरवलंय. नात पहिलीत. मुलगी म्हणाली, ‘बाबा, अण्णांची नात आहे मी, तुम्ही तरी नाही म्हणू नका.’ ज्या माणसानं पंचवीस समारंभांत अण्णांवर भाषणं ठोकली, त्यानं आता तोंड उघडून काय म्हणावं? ‘पोरीच्या शाळेचं काय, मलेरियाचं काय’ हे माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आठवलं, कॅरीच्या आईबापांनाही हेच म्हणायचं असेल. आणि तिथल्या आजारी लेकरांचं काय, हेही आठवलं. मग मी नुसताच खाकरलो.

हिनं मात्र सरळ विचारलं, ‘जायचं हे दोघांनी ठरवलंत की एकानं?’

मुलगी जावयाकडे बघायला लागली. जावई माझ्याकडे. मी छताकडे.

‘दोघांनी,’ मुलगी म्हणाली. ‘पण तिला अजून विचारलेलं नाही.’

‘ती’ शेजारी बसून लाडू खात होती. तिला विचारण्यात आलं. तिनं बराच विचार केला. तिकडे वाघ आहेत का, हे विचारलं. जंगलात असतात म्हटल्यावर तिची हरकत मावळली. मग तिनं दुसरा लाडू उचलला आणि म्हणाली, ‘पण आजी पण येणार ना?’

हिनं पदर खोचला आणि ती बेसन भाजायला आत गेली.