राखून ठेवलेले आसन

जेथे जेथे रामकथा चालते तेथे तेथे मारुतिराय अदृश्य रूपाने येऊन बसतो, अशी आपल्याकडील परंपरागत श्रद्धा आहे. रामायणाच्या पारायणाच्या वेळी पोथीसमोर एक पाट रिकामा मांडून ठेवावयाचा, त्यावर कोणी बसावयाचे नाही, ही चाल वाचकांपैकी पुष्कळांनी घरी वा मंदिरात पाहिली असेल. २०२३ च्या जून महिन्यात हीच चाल एकाएकी चित्रपटगृहांत अवतरली. ‘आदिपुरुष’ ह्या चित्रपटाच्या निर्मात्यांनी, तो १६ जूनला प्रदर्शित होण्याच्या काही दिवस आधी, असे जाहीर केले की, प्रत्येक चित्रपटगृहात एक खुर्ची मारुतीसाठी रिकामी ठेवण्यात येईल. ही भक्ती म्हणावी की जाहिरात, हा प्रश्न त्या वेळी अनेकांनी थट्टेने विचारला. आम्हांस तो थट्टेचा वाटत नाही, आणि तो येथे मांडण्यास तसे निमित्तही घडले आहे.

२०२५ च्या जुलैत रामायणावरील एका नव्या प्रचंड चित्रपटाची पहिली झलक देशातील नऊ शहरांत आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्येही दाखविण्यात आली. पहिला भाग २०२६ च्या दिवाळीत आणि दुसरा २०२७ च्या दिवाळीत, असे त्याबरोबरच जाहीर झाले. म्हणजे सव्वा वर्ष आधीपासून उत्कंठेची पेरणी! आपल्या मंदिरातील काही तरुण मित्रांनी तेव्हापासून असा आग्रह धरला आहे की, त्या चित्रपटाचा फलक मंदिराच्या दर्शनी भिंतीवर लावावा व भाविकांसाठी तिकिटांची सामुदायिक नोंदणी मंदिरातच करावी. देवाचेच काम आहे, मग देवळाने मागे का राहावे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा खचितच नाही.

प्रथम त्यांची बाजू. देवकथा आणि चित्रपट ह्यांचे नाते आपल्याकडे नवे नाही. दादासाहेब फाळके ह्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला, आणि १९१७ साली ‘लंकादहन’. ह्या दुसऱ्या चित्रपटात राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके ह्या एकाच नटाने केल्या होत्या. तरीही पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवीत, असे सांगतात. जाहिरातीचे म्हणाल, तर फाळक्यांनाही ती चुकली नाही. सुरतेस प्रेक्षक येईनात, तेव्हा सत्तावन्न हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीच्या चित्राचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात करून त्यांनी लोक जमविले. शिवाय आपण तरी काय करतो? सप्ताहाची पत्रके वाटतो, ध्वनिक्षेपक लावतो. जवळजवळ प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी फलश्रुती असतेच, आणि तीत विद्यार्थ्याला विद्या, धनार्थ्याला धन देण्याचे आश्वासन असते. कठोरपणे पाहिले तर तीही एक जाहिरातच होय. तेव्हा ज्याने फलश्रुती म्हटली त्याने चित्रपटवाल्यांस नावे ठेवू नयेत, हे आम्ही मान्य करतो.

तथापि उत्कंठा उत्कंठेत भेद आहे, आणि तो कोठे आहे हे पाहिले पाहिजे.

२०१९ च्या एप्रिलमध्ये ‘अॅव्हेंजर्स : एंडगेम’ हा अमेरिकन महावीरांचा चित्रपट आपल्याकडे आला. आगाऊ विक्री सुरू होताच सुमारे एका दिवसात १० लाख तिकिटे खपली आणि काही ठिकाणी अहोरात्र खेळ लावावे लागले. प्रदर्शनापूर्वी त्याच्या दिग्दर्शकांनी जगभरच्या चाहत्यांना पत्र लिहून विनविले होते की, शेवट कोणास सांगू नका. तेथे सारी उत्कंठा अज्ञानावर उभी होती. गुपित फुटले की ती संपली. आता रामनवमीची माध्यान्ह आठवा. बारा वाजता राम जन्मणार हे पाळण्याशेजारी उभ्या असलेल्या पोरालाही ठाऊक असते. गेल्या वर्षीही तोच जन्मला होता. तरीही कीर्तनकाराचे आख्यान जन्माच्या क्षणाशी येऊ लागले म्हणजे सभामंडपात श्वास रोखले जातात, गुलालाच्या मुठी तयार होतात. ही प्रतीक्षा कशाची? वृत्तान्ताची तर नव्हे. एकीत जे ठाऊक नाही ते हवे असते. दुसरीत जे ठाऊक आहे त्याच्या समोर पुन्हा उभे राहावयाचे असते. पहिली बाहेरून कोणीतरी चेतवावी लागते, आणि प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी ती शिळी होते.

चेतविण्याची ही कलाही आता फार पुढे गेली आहे. २००८ च्या ‘द डार्क नाइट’ ह्या बॅटमॅनच्या चित्रपटापूर्वी त्यातील एका काल्पनिक पुढाऱ्यासाठी खरोखरीच्या निवडणुकीसारखा प्रचार घडवून आणला होता. त्या खेळात ७५ देशांतील १ कोटीहून अधिक लोक सामील झाले, असे मोहीम चालविणाऱ्यांनीच सांगितले. पूर्वी दवंडी पिटणाऱ्यास निदान मोबदला मिळे. आता प्रेक्षकच हौसेने दवंडी पिटतो, आणि आपण कोणाचा डांगोरा पिटीत आहोत हे त्याच्या मनातही येत नाही.

त्या खुर्चीचे पुढे काय झाले, हे ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मारुतीशेजारच्या खुर्चीचे तिकीट महाग विकणार अशी आवई उठली. तसे काही नाही, दर सारखेच आहेत, असा खुलासा निर्मात्यांना करावा लागला. प्रदर्शनाच्या दिवशी हैदराबादेत त्या राखीव खुर्चीवर बसला म्हणून एका प्रेक्षकास इतरांनी मारहाण केल्याचे वृत्त आले. आणि ज्या मारुतीसाठी आसन राखले, त्याच्याच तोंडी घातलेले संवाद इतके सवंग निघाले की ते थोड्याच दिवसांत बदलावे लागले. मारहाण निर्मात्यांनी करविली असे कोणी म्हणणार नाही. पण जे आसन केवळ नम्रतेने रिकामे राहावयाचे, त्याची दवंडी पिटली की ते मानापमानाचे होते, एवढे त्यातून दिसते. आपल्या घरचा पाट कोणास मारावयास कधी उठला नाही. त्याच्यावर पोर जाऊन बसले तर आजी फार तर त्याला उचलून मांडीवर घेते.

आमच्या जैनाबादच्या वाचकांस तर हा विषय दूरचा नाही. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ प्रदर्शित झाला. संभाजीमहाराजांच्या फौजांनी १६८१ च्या आरंभी बऱ्हाणपूर लुटले, ही तापीपलीकडचीच घटना. तो प्रसंग पडद्यावर पाहून आपल्या गावाचे नाव एवढ्या मोठ्याने उच्चारले जात आहे ह्याचा आनंद आम्हांसही झाला. परंतु मार्चच्या आरंभी असीरगडाच्या पायथ्याशी काय घडले? मोगलांचे सोने शेतांत पुरलेले आहे अशा समजुतीने लोक रात्रीच्या रात्री विजेऱ्या व धातुशोधक यंत्रे घेऊन दुसऱ्यांची शेते उकरीत होते! सोन्याच्या नाण्यांची कुजबुज तेथे होतीच. चित्रपटाने तिला पंख फुटले. शेवटी शासनास लक्ष घालावे लागले. ज्या राजाने धर्मासाठी देह ठेवला त्याची कथा पाहून माणसे कुदळी घेऊन निघाली. ह्यात कथेचा दोष नाही, आणि पाहणाऱ्यांत गरजूही असतील. पण मन एकदा बाहेरून तापविले की ते कोठे वाहील हे तापविणाराच्या हाती राहत नाही.

म्हणून तरुण मित्रांस आमचे सांगणे असे आहे : चित्रपट अवश्य पाहावा, मुलांना न्यावे, आवडला तर मोकळेपणाने वाखाणावा. सामुदायिक नोंदणी करावयाची तर ती बाजारात किंवा एखाद्याच्या ओसरीवर करावी. आम्हीही त्यात नाव देऊ. फलक मात्र मंदिराच्या भिंतीवर नको. ही भिंत ज्यांच्या वर्गणीतून उभी राहिली त्यांत चित्रपट कधीच न पाहणारी वृद्ध माणसे आहेत, आणि तिच्यावर लागलेला कागद ती देवाची आज्ञा म्हणून वाचतात. घरातील मुलाने तिकिटासाठी हात पुढे केला की त्यांना नाही म्हणवत नाही. व्यवस्थापक मंडळींनी येत्या बैठकीत ह्याचा विचार करावा, आणि ज्यांचे मत आमच्या विरुद्ध असेल त्यांनी ते पुढील अंकासाठी लिहून पाठवावे.