शहाण्यांची बोबडी

सभेत ज्याला बोलता येते तो हुशार, अशी आपल्याकडे एक भोळी समजूत आहे. एखादा गृहस्थ व्यासपीठावरून तासभर धो धो बोलतो, लोक टाळ्या पिटतात आणि 'काय विद्वान माणूस!' म्हणत घरी जातात. त्या विषयात वीस वर्षे घालवलेला माणूस मात्र मागच्या रांगेत गप्प बसलेला असतो. त्याला नुसते आभार मानायला उभे केले तरी त्याची बोबडी वळते. मी पडलो मास्तर. कादंबऱ्या लिहितो, पण शिक्षण मॅट्रिकपाशीच थांबलेले. सभेत माझे फारसे अडत नाही! त्यावरूनच मला संशय येतो की, बोलणे सोपे जाण्यात कमी ठाऊक असण्याचाही थोडा वाटा असावा.

डिसेंबर १९२० मध्ये आमच्या नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. काँग्रेसनगर हे नाव त्याचीच आठवण. तेथे जिनांचा विरोध असतानाही मंडप गांधीजींच्या मागे गेला. याच माणसाला तीस वर्षांपूर्वी लंडनमध्ये चार माणसांत तोंड उघडता येत नव्हते, हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितले आहे. तेथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत ते होते. डॉ. ॲलिन्सन यांना संततिनियमनाच्या मतांपायी मंडळातून काढण्याचा प्रस्ताव आला. ती मते गांधीजींनाही पटत नव्हती. पण तेवढ्यावरून शाकाहारी माणसाला घालवणे हा अन्याय आहे, हेही त्यांना दिसत होते. त्यांनी आपले म्हणणे लिहून नेले. ते वाचण्याचाही धीर होईना, तेव्हा अध्यक्षांनी दुसऱ्याकडून वाचून घेतले. ॲलिन्सन हरले ते हरलेच. पुढे मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात उलटतपासणीला उभे राहिले, तर डोके गरगरले. तीस रुपयांची फी परत देऊ करून ते बाहेर पडले.

लंडनचा तो मुद्दा जरा निरखून पाहा. मते चूक, तरी माणूस राहावा. ज्याला एकच बाजू दिसते त्याचे वाक्य सरळ धावते. ज्याला दोन दिसतात त्याच्या वाक्यात 'पण' येतो, आणि सभेला 'पण' खपत नाही. वर्गात एखाद्या पोराच्या कपाळावर आठी दिसली की मी फळ्याकडे वळून गणित पुन्हा सोडवतो. सभेला असा चेहरा नसतो. मग विचार करणारा माणूस समोरच्यांच्या शंका स्वतःच काढतो आणि पहिले वाक्य पुरे होण्याआधी तेच मनात खोडतो.

'विषय काळजाचा असला की जीभ सुटते,' असे म्हणतात. १८९३ मध्ये प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांपुढे गांधीजी व्यवहारातल्या सचोटीवर बोलले, ते त्यांचे आयुष्यातले पहिले जाहीर भाषण, आणि ते नीट पार पडले. परंतु १८९६ मध्ये मुंबईत, त्याच आपल्या माणसांची दुःखे सांगताना, त्यांचा आवाज थरथरू लागला. विषय काही कमी काळजाचा नव्हता; सभागृह मोठे होते. अखेर भाषण वाच्छांनी वाचले.

तेव्हा अन्याय दिसत असताना गप्प राहणाऱ्याला दोष द्यायचा का? गांधीजींनी कागद नेला, तेथे त्यांचे कर्तव्य झाले असे मी मानतो. पुढचे कर्तव्य सभेचे. लंडनच्या अध्यक्षांनी आणि वाच्छांनी गळा उसना दिला. आपल्या सभांत काय होते? 'कोणाची हरकत नाही ना?' असे विचारून श्वास घेण्याआधीच 'सर्वानुमते मंजूर'! याचा मला मनस्वी राग येतो.

एका शाळेच्या सभेत नव्या खोलीचे अंदाजपत्रक मांडले गेले. त्यातली बेरीज चुकली आहे हे गणिताच्या मास्तरांना दिसले. ते उठले, "म्हणजे... तसे नव्हे..." म्हणाले. कोणीतरी हसले. ते बसले. मंजूर! दुसऱ्या दिवशी तीच बेरीज त्यांनी मला खडू घेऊन पाच मिनिटांत समजावली. एक शब्द अडला नाही. मी म्हटले, "मास्तर, लिहून द्या. पुढच्या सभेत मी वाचतो."

त्यांनी वहीचे पान फाडून दिले. पहिलीच ओळ होती : 'माझी चूक असण्याचा संभव आहे, पण बेरीज जुळत नाही.'