दुरुस्त केलेले वाक्य कुणाचे?

काही वर्षे आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात संध्याकाळी इंग्रजीचा प्राथमिक वर्ग चालविला. येणारी मंडळी बहुतेक प्रौढ होती : पहाटेच्या लोकलने भाजीच्या पाट्या मुंबईस नेण्यात ज्यांचा जन्म गेला अशा बायका, गिरणीतून निवृत्त झालेले कामगार, आणि ज्यांची नातवंडे परदेशात वाढत आहेत असे आजी-आजोबा. त्यांच्या बालपणी मराठी शाळेत पाचवीच्या आधी इंग्रजी नसे. पहिलीपासून ते आले २००० साली. आणि ह्यांच्यापैकी कित्येकांची शाळा चौथीलाच सुटलेली.

हितचिंतकांचा सल्ला असा की, ह्या वयात व्याकरण कशाला? पन्नास वाक्ये पाठ करून घ्या, काम भागेल. सल्ल्यामागील हेतू चांगला होता, तरी तो आम्हांस पटला नाही. पाठ करून घेतलेली वाक्ये बहुधा उत्तरे असतात. दुसऱ्याने विचारावे आणि आपण नम्रपणे सांगावे. ज्याला क्रियापद चालविता येते तो स्वतः प्रश्न विचारू शकतो, प्रसंगी 'हे मला मान्य नाही' असेही म्हणू शकतो. सधनांच्या मुलांना व्याकरण आणि गरिबांना पाठांतर, ही वाटणी आम्हांस अन्यायाची वाटते. मग ती कितीही दयाबुद्धीने केलेली असो.

शिवाय व्याकरण रूक्षच असते असे कुणी सांगितले? 'मला दोन मुलगे आहेत', 'माझ्याजवळ पैसे आहेत', 'मला ताप आहे' : आपल्या मराठीत मुलगे, पैसे आणि ताप ह्यांचे माणसाशी असलेले नाते एका साच्यातले नाही. इंग्रजीत मात्र तिन्ही ठिकाणी एकच 'आय हॅव'. हे फळ्यावर मांडले तेव्हा मागच्या बाकावरून एक आजोबा म्हणाले, "म्हणजे इंग्रजाच्या घरी पोरगासुद्धा मालकीचा?" त्या संध्याकाळी धडा पुढे सरकला नाही, पण 'हॅव' कुणी विसरले नाही. भूक आपल्याला लागते, बाहेरून येऊन चिकटल्यासारखी. इंग्रज म्हणतो, मी भुकेला आहे. मराठी आपल्याला ठाऊक होती, पण ती आपण कधी न्याहाळली नव्हती, हे कितीजणांना तेव्हाच जाणवले.

वाङ्मय म्हणून आम्ही उधळ्या पुत्राचा दाखला निवडला. कथा सर्वांना पाठ. नवी होती ती केवळ भाषा. 'अ' आणि 'द' ह्यांचा गुंता नियम घोकून सुटला नव्हता. तो येथे सुटला. एक माणूस होता, असे म्हणून आपण गोष्ट सुरू करतो आणि पुढे तोच तो माणूस होतो. पहिला 'अ', नंतरचा 'द'. नियम समजण्यास गोष्ट लागली आणि गोष्ट पुन्हा सांगण्यास नियम.

आपल्या समाजाला तरी ह्याचे नवल वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले तेव्हा तेही आमच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच प्रौढ वयात परक्या भाषेपुढे बसले होते. त्यांनी कोंकणीचे व्याकरण रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली राशोल येथे छापले गेले. आणि त्याच माणसाने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' लिहिले, जे १६१६ साली प्रसिद्ध झाले. मधली सदतीस वर्षे पन्नास वाक्यांवर भागली नसती.

येथवर आम्ही आमची बाजू मांडली. आता आमची चूक.

नातवाला पत्र लिहिण्यासाठी वर्गात येणाऱ्या एका मावशींनी नोव्हेंबरात वहीत लिहिले, 'माय मदर इज लाइकिंग ड्राय बोंबील.' त्यांच्या आईच्या अंत्यविधीस आम्ही महिन्याभरापूर्वीच गेलो होतो. आम्ही लाल शाईने 'इज लाइकिंग' खोडले आणि 'लाइक्ड' लिहिले. आवडीसारख्या क्रियापदाला चालू काळाचे रूप सहसा लावीत नाहीत, हे मावशींनी मान्य केले. भूतकाळ मात्र मान्य केला नाही.

"सर, आई गेली ते खरं. पण मिस्सेत तिचं नाव देतो, ते ती आहे म्हणूनच ना? मग तिकडे तिला बोंबील आवडत नाही असं कुणी सांगितलं?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि नियम तो नियम असे म्हणून पुढचे उदाहरण घेतले. वाईट हे की, नियम तसा नव्हताच. मेलेल्या लेखकाविषयीही इंग्रजीत 'शेक्सपिअर सेज' असे लिहितात. आपणही 'ज्ञानदेव सांगतात', 'तुकोबा म्हणतात' असेच म्हणतो, आणि कुणी शिक्षक ते खोडीत नाही. पानावर ते अजून बोलतात, म्हणून काळ वर्तमान. कवीला दिलेली ही सवलत भाजीवालीच्या आईला का नसावी? आम्ही व्याकरण शिकवीत नव्हतो. मावशींच्या वतीने त्यांच्या आईला निरोप देत होतो, आणि तो अधिकार आम्हांस कुणी दिला नव्हता.

शिक्षकाने मग गप्प बसावे काय? तेही आम्हांस पटत नाही. 'लाइक्स' वाचून परका वाचक आई हयात आहे असे समजेल, हे मावशींना न सांगणे म्हणजे त्यांना अंधारात ठेवणे. क्रियापदाचे रूप कसे होते आणि ऐकणारा त्यावरून काय समजेल, एवढे सांगणे आमचे काम. ते सांगून झाल्यावर वाक्य त्यांचे.

पुढच्या वर्गात आम्ही हे सारे त्यांना सांगितले, आणि चूक आमची होती हेही. त्यांनी वही ओढून घेतली, बराच वेळ पेन्सिल ओठांशी धरली आणि दोन वाक्ये लिहिली : 'माय मदर लाइक्स ड्राय बोंबील. शी डाइड इन ऑक्टोबर.' दोन्ही क्रियापदे बिनचूक होती. बोंबीलचे इंग्रजी स्पेलिंग तेवढे त्यांनी विचारले, आणि ते आम्हांलाही चटकन सांगता येईना.